पाण्याची भीती होती, कस लागला पत्र्याचा: जुन्या कॅबिनेटमध्ये वॉटर कूलिंग बसवताना

पीसीला वॉटर कूलिंग करायचं म्हटलं की जो तो एकच विचारतो, "पाणी गळलं तर?" माझ्याही मनात तीच भीती होती. जानेवारी ते मे २०२४ हे काम चाललं, आणि आता सगळं जागेवर बसल्यावर वाटतं की भीती चुकीच्या ठिकाणी ठेवली होती. पाणी गळतंय का हे वीज जोडण्याआधी तपासता येतं, हवं तितक्या वेळा तपासता येतं. कापलेला पत्रा मात्र परत जुळत नाही. यातली खरी मेहनत, खरा वेळ आणि खरी काळजी कॅबिनेटच्या कामात गेली, आणि त्याविषयी मराठीत वाचायला मिळालं नाही म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

मी कोल्हापुरात घरूनच काम करते. आर्किटेक्ट लोकांना इमारतींचे थ्रीडी वॉकथ्रू बनवून देते, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये. रेंडर, म्हणजे त्यातली अंतिम चित्रं तयार होण्याचं काम, रात्रभर चालतं. मशीनमध्ये आरटीएक्स ३०९० हे ग्राफिक्स कार्ड आणि रायझन ९ ५९५०एक्स हा प्रोसेसर आहे. ३०९० एकटं ३५० वॅट खातं, आणि त्याच्या चोवीस जीबी मेमरीच्या निम्म्या चिप्स कार्डाच्या मागच्या बाजूला आहेत, जिथे पंख्याचा वारा पोचतच नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात मेमरीचं तापमान १०४-१०६ अंशांवर जाऊन बसायचं. ११० ला कार्ड स्वतःच वेग कमी करतं. माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मेमध्ये दुपारी आत ३५ अंश असतात. पंखे पूर्ण वेगानं फिरायचे आणि शेजारच्या खोलीत आईला झोप लागायची नाही. निर्णय खरं तर तिच्या झोपेसाठी झाला.

इथे एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं कापकाम त्यावरच ठरलं. चिपवर बसवलेल्या धातूच्या ब्लॉकमधून पाणी उष्णता उचलतं, पंप ते रेडिएटरमध्ये नेतो आणि तिथे पंखे ते गार करतात. वॉटर कूलिंगमधलं हे पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही. खोली ३५ वर असेल तर पाणी ४५ च्या आसपास राहणार, आणि चिप त्याच्या वर. थंड देशातले लोक एका रेडिएटरवर भागवतात, त्यांचं बघून आपण तसंच केलं तर मेमध्ये फसगत होते. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढ्या रेडिएटरमागे साधारण १०० वॅट हा ढोबळ हिशेब आहे, तोही पंखे हळू फिरवायचे असतील तर. माझे प्रोसेसर आणि कार्ड मिळून ५०० वॅटच्या जवळ जातात. वर उन्हाळा. म्हणून ३६० चे, म्हणजे असे तीन-तीन पंखे मावणारे, दोन रेडिएटर हवेत हे नक्की झालं, आणि दोन ३६० मावतील अशी जागा माझ्या कॅबिनेटमध्ये नव्हती.

नवीन कॅबिनेट घेता आलं असतं. पण दोन मोठे रेडिएटर सहज बसतील अशी चांगली कॅबिनेट महाग पडतात आणि अनेकांना काच असते. माझ्याकडे २०१० च्या सुमाराचं एक फुल टॉवर होतं, अस्सल स्टीलचं, आजच्या कॅबिनेटपेक्षा पत्रा जाड. वर एक मोठ्या पंख्याची गोल जाळी, पुढे सीडी ड्राइव्हचे सहा कप्पे आणि खाली हार्ड डिस्कचा पिंजरा. आणि मी राहते कोल्हापुरात. इथे शिवाजी उद्यमनगर आहे, शिरोलीची एमआयडीसी आहे. ओतकाम, लेथ, पत्राकाम, पावडर कोटिंग सगळं हाकेच्या अंतरावर. अशा गावात राहून पत्रा कापायला घाबरायचं, हे मनाला पटेना.

जानेवारी: पुठ्ठा

पहिले दोन आठवडे फक्त मापं. व्हर्निअर, गुण्या आणि स्टीलची पट्टी एवढ्यावर काम होतं. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर असतो. त्याच्या वरच्या कडेपासून कॅबिनेटच्या छतापर्यंत किती जागा आहे, हे माप सगळ्यात महत्त्वाचं. माझ्याकडे ३२ मिमी होती. पातळ रेडिएटर ३० आणि पंखा २५, म्हणजे ५५ हवेत. बसणार नाही.

यावर उपाय असा निघाला: पंखे छताच्या आत, रेडिएटर छताच्या बाहेर. छतात खिडकी कापायची, तिच्यावर नेमक्या भोकांची नवी पट्टी रिव्हेटनं बसवायची, पट्टीखाली पंखे लटकवायचे, वर रेडिएटर ठेवायचा आणि त्यावर ४५ मिमी उंचीची जाळीदार टोपी. रेडिएटरची तोंडं खाली वळवून पट्टीतल्या दोन मोठ्या भोकांमधून नळ्या आत आणायच्या. बाहेरून बघणाऱ्याला छत थोडं उंच आहे एवढंच दिसतं. दुसरा रेडिएटर पुढे, सीडी ड्राइव्हचे कप्पे आणि पिंजरा काढून झालेल्या जागेत.

हे सगळं मी आधी पुठ्ठ्यात केलं. रेडिएटर हातात येण्याआधीच त्याच्या मापाचा ४०० बाय १२५ बाय ३० चा खोका बनवला, पंख्यांच्या जागी जुने पंखे लावले आणि प्रोसेसरच्या वीजजोडणीची केबल त्यातून जाते का ते बघितलं. पंख्याच्या खाली ७ मिमी उरत होते. त्या फटीतून केबल जाते, पण पंखे बसवल्यावर हात जात नाही, म्हणून ती आधी ओढून ठेवावी लागते. असं काही कागदावरच्या चित्रात कळत नाही. ज्याला हे काम करायचं असेल त्यानं पुठ्ठ्यावर दोन रविवार जास्तीचे घालवावेत, अगदी मनापासून सांगते.

फेब्रुवारी: पार्सल आणि कस्टम्स

सीपीयूचा ब्लॉक, पंप, पंखे, फिटिंग आणि नळी भारतातच मिळाली. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक मात्र कार्डाच्या नेमक्या पीसीबीला, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाला, जुळणारा लागतो. ३०९० नावाची सगळी कार्डं आतून सारखी नसतात. काही रेफरन्स, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ नकाशाच्या, पीसीबीवर आहेत, काही कंपन्यांनी स्वतःचा नकाशा वापरला आहे. ब्लॉक बनवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जुळणीची यादी असते. तिच्यात कार्डाचा पूर्ण मॉडेल नंबर शोधायचा, पाठीवरच्या स्टिकरवरून. माझ्या कार्डाचा, मागच्या मेमरीलाही थंड करणारी पाठ असलेला ब्लॉक मला जर्मनीतून मागवावा लागला. त्याच पार्सलमध्ये दोन रेडिएटर घेतले. सगळं तांब्या-पितळेचं. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्त मिळतो, पण तांब्याच्या ब्लॉकबरोबर एकाच पाण्यात आला की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. ते मिश्रण टाळायचंच.

ऑर्डर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात केली. माल २४ हजारांचा, वाहतूक तीन हजार. पार्सल मुंबईला पोचलं आणि थांबलं. कुरिअर कंपनीचा ईमेल आला: केवायसी करा. पॅन आणि आधारची प्रत त्यांच्या पोर्टलवर चढवायची, आधारवरचा पत्ता आणि पार्सलवरचा पत्ता जुळायला हवा. वैयक्तिक वापराच्या वस्तूसाठी आयात-निर्यात कोड लागत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं आणि त्या काळजीत एक रात्र गेली.

मग दुसरा ईमेल. बिलावर 'रेडिएटर' लिहिलं होतं, आणि हा वाहनाचा सुटा भाग आहे का, अशी विचारणा होती. वर्गीकरण बदललं की कराचा दर बदलतो, म्हणून हे लगेच निस्तरावं लागतं. मी उत्पादनाच्या पानाची पीडीएफ, वस्तूचा फोटो आणि एक साधं सही केलेलं पत्र पाठवलं: हे संगणक थंड करण्याचे भाग आहेत, स्वतःच्या वापरासाठी आहेत, विक्रीसाठी नाहीत. ईमेलला उत्तर येईना. हेल्पलाइनवर कळलं की ईमेल कुणी वाचत नाही, तीच कागदपत्रं पोर्टलवर एकत्र एका फाइलमध्ये चढवायची. ती चढवल्यावर तीन-चार दिवसांत हललं. पार्सल अडकून राहिलं तर साठवणुकीचं भाडं लागू होतं, म्हणून फोन करायला संकोच करू नये. कर आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क मिळून साधारण दहा हजार भरले. मार्च उजाडता उजाडता खोकं घरी आलं.

रेडिएटर हातात आल्याशिवाय मी पत्र्याला हात लावला नाही, आणि ते बरंच झालं. पंख्याच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी हे सगळीकडे ठरलेलं आहे. पण शेजारच्या दोन पंख्यांच्या भोकांमधलं अंतर काही रेडिएटरवर १५ असतं, काहींवर २०. स्क्रूच्या मापांचंही तसंच. कुठे एम३, कुठे एम४, कुठे ६-३२ यूएनसी. माझे १५ आणि एम३ निघाले.

मार्च: कापकाम

कॅबिनेट उघडं करायला एक रविवार लागला. सीडी ड्राइव्हचे कप्पे आणि हार्ड डिस्कचा पिंजरा पॉप रिव्हेटनं बसवलेले असतात. रिव्हेटच्या डोक्यात ३.२ चा ड्रिल बिट घातला की डोकं सुटतं, मागचा तुकडा पंचनं ठोकून काढायचा. प्लास्टिक, रबर, बटणं, एलईडीच्या वायरी, चिकटवलेला फोम, सगळं काढून पिशव्यांत भरलं आणि प्रत्येक पिशवीवर जागेचं नाव लिहिलं. कप्पे काढल्यावर लक्षात आलं की पुढची चौकट लवचीक झाली आहे. ते कप्पे फक्त ड्राइव्ह धरत नव्हते, कॅबिनेटला ताठ ठेवत होते. म्हणून दोन्ही कडांना आतून एल आकाराची पट्टी लावायचं ठरलं.

छतातली खिडकी मी स्वतः कापली नाही. उद्यमनगरात एका जुन्या वर्कशॉपमध्ये एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी कॅबिनेट आणि पुठ्ठ्याचा साचा दोन्ही घेऊन गेले. त्यांनी आधी पत्रा बोटानं वाजवून बघितला.

"कशाचा डबा हाय ह्यो, ताई?"

"कॉम्प्युटरचा, मामा. वरून अशी खिडकी पाडायची आहे. आखलेल्या रेषेच्या आत राहायला पाहिजे."

"ग्राइंडर लावला तर पत्रा तापून लाट येणार बघा. जिगसॉनंच जाऊ या. वेळ लागंल."

"लागू दे की."

त्यांनी केलेलं मी नीट बघून घेतलं. आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचे दोन थर, म्हणजे जिगसॉच्या (उभ्या पात्याच्या विजेच्या करवतीच्या) पायानं ओरखडे येत नाहीत. चारही कोपऱ्यांत सेंटर पंच मारून १० मिमीची भोकं. आतून पत्र्याला लाकडाची फळी क्लॅम्पनं घट्ट धरली, त्यामुळे तो थरथरला नाही. बारीक दातांचं पातं, मधे मधे तेलाचा थेंब. रेषेच्या मिलिमीटरभर आत कापलं आणि उरलेलं कानशीनं घासून रेषेवर आणलं. पुढच्या भागातल्या दोन आडव्या पट्ट्याही तशाच काढल्या. एल पट्ट्या त्यांनी स्वतःच्या भंगारातून शोधल्या आणि रिव्हेट करून दिल्या. सगळ्याचे पंधराशे रुपये घेतले. मी जास्त द्यायला गेले तर चहा मागवला. घरी येऊन मी कॅबिनेट आतून-बाहेरून चुंबकानं आणि मग ओल्या फडक्यानं पुसलं. लोखंडाचा कीस कुठेही राहिला तर पुढे मदरबोर्डावर जाऊन बसू शकतो, आणि ते पाण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

नेमक्या भोकांच्या दोन पट्ट्या आणि वरची टोपी लेझर कटिंगवर करून घेतली. रेखाटन लिब्रेकॅड या सॉफ्टवेअरमध्ये केलं. लेझर कटिंगला लागणारी रेखाटनाची डीएक्सएफ फाइल मिलिमीटरमध्ये, एकास एक प्रमाणात, रेषा एकमेकींना जोडून बंद केलेल्या, माप लिहिलेले आकडे काढून टाकलेले. त्याच फाइलची कागदावर पूर्ण मापाची प्रत काढली, पुठ्ठ्याला चिकटवली, भोकं पाडली आणि खरा रेडिएटर त्यावर ठेवून बघितला. एम३ साठी भोक ३.५ चं ठेवलं आणि एका बाजूची भोकं थोडी लांबट, म्हणजे उन्नीस-बीस झालं तरी जुळवून घेता येतं. टोपीच्या वाकांचा हिशेब मी केला नाही. बाहेरची मापं दिली आणि पत्रा १.२ मिमीचा सीआरसीए (थंड लाटलेल्या स्टीलचा) सांगितला. किती कापायचं ते वाक देणाऱ्यांनीच काढलं. त्यांच्या मशीनचा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.

शिरोलीतल्या ज्या कारखान्यात गेले तिथे गेटवर नाव, काम आणि लॅपटॉपची नोंद झाली, आत जाताना बंद बूट लागले. ऑफिसात पहिला प्रश्न जीएसटी नंबरचा. नंबर नसला तरी काम होतं, आपल्या नावावर बिल करतात, १८ टक्के कर धरून. दुसरा प्रश्न किती नग. "एक" म्हटल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा पडला, पण फाइल नीट असल्याचं बघून तो खुलला. अडचण एवढीच की मार्च एंडिंग चालू होतं. सगळीकडे डिस्पॅच आणि बिलांची घाई, एका नगाच्या कामाला कोण विचारतो. मला महिनाअखेरीनंतर या म्हणाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पट्ट्या आणि टोपी मिळाली, जाळीच्या पत्र्यासह साडेतीन हजार. असं काम काढणाऱ्यांनी मार्चचा दुसरा पंधरवडा सोडून द्यावा.

एप्रिल: कोरडी जुळणी, मग रंग

रंग देण्याआधी सगळं एकदा जोडून बघायचं, हा नियम मी कुणालाही मोडू देणार नाही. पाडव्याच्या सुट्टीत, ९ एप्रिलला, मदरबोर्ड, कार्ड, पंप, रेडिएटर, पंखे सगळं नुसतं जागेवर बसवलं. पाणी नाही, वीज नाही. पंखा २५, पट्टी १.२, म्हणून एम३ चा ३० मिमी लांब स्क्रू: रेडिएटरच्या आट्यांत पावणेचार मिलिमीटर जातो. आणखी पाच मिलिमीटर लांब घेतला असता तर तो आतल्या नळीत घुसला असता. रेडिएटर असे फुटल्याच्या गोष्टी वाचल्या होत्या, म्हणून प्रत्येक स्क्रू हातानं फिरवून, खोली मोजून लावला. नळ्यांची लांबी याच वेळी दोरीनं मोजून घेतली.

मग पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड पत्र्यावर चढवून ती भाजून पक्की करायची. भट्टीत १८० ते २०० अंशांना माल भाजला जातो, तेव्हा प्लास्टिकचा एक तुकडाही राहता कामा नये. रंग निवडताना मी आधी काळा म्हणत होते. पण उद्यमनगरात इलेक्ट्रिकच्या पॅनेलचं काम रोज चालतं, आणि त्याचा फिका करडा, आरएएल ७०३५, जवळपास रोज भट्टीत असतो. चालू बॅचमध्ये घातलं तर स्वस्त पडतं आणि लवकर होतं. फिक्या रंगावर पाण्याचा थेंब लगेच दिसतो, हे मला अजून पटलं. आज ते कॅबिनेट एखाद्या कारखान्याच्या पॅनेलसारखं दिसतं आणि मला ते फार आवडतं.

माल देताना चलन, म्हणजे मालाच्या नोंदीचा कागद, मागतात. कंपनी नसेल तर साध्या कागदावर नगांची यादी दोन प्रतींत लिहून न्यावी, एकीवर त्यांची सही घ्यावी. बाजूचे पत्रे, छत, टोपी, पट्ट्या, पीसीआय स्लॉटची झाकणं, सगळं मोजून लिहिलेलं असलं की परत घेताना वाद होत नाही. कुठे रंग नको त्या जागाही मी खडूनं खूण करून आणि यादीत लिहून दिल्या: मदरबोर्ड ज्यांवर टेकतो त्या छोट्या खांबांचे (स्टँडऑफचे) आटे आणि पॉवर सप्लाय टेकतो ती चौकट. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. अर्थिंगसाठी तिथे धातूला धातू लागायला हवा.

चार दिवस म्हणाले होते. पण २३ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. निम्मी माणसं सासनकाठीबरोबर डोंगरावर. मी त्यात घाई केली नाही, आमच्याकडचेही गेले होते. माल महिन्याच्या शेवटी आला. रंग सुरेख, पण आट्यांमधले बूच त्यांनी लावलेच नव्हते आणि सगळे आटे पावडरनं भरले होते. बावीसशे रुपये दिले होते, वाद घालण्यापेक्षा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, विकत घेतला. ६-३२ आणि एम३ चे दोन टॅप साधारण चारशे रुपयांना मिळाले. प्रत्येक भोकात तेलाचा थेंब टाकून हलक्या हातानं फिरवला, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पॉवर सप्लायच्या चौकटीवरचा रंग पॉलिश पेपरनं काढला, मल्टिमीटर लावून चौकट आणि मदरबोर्डाची ताटली जोडलेली आहेत याची खात्री केली. रंगाचा थर दोन्ही बाजूंनी चढल्यामुळे सरकणारे पत्रे घट्ट झाले होते. कडांना मेण चोळलं, ते काम झालं.

मे: पाणी

नवीन रेडिएटरमध्ये सोल्डरिंगचा फ्लक्स आणि धातूचा चुरा असतो. कोमट डिस्टिल्ड पाणी अर्धं भरायचं, तोंडं बंद करून पाच मिनिटं जोरात हलवायचं, पांढऱ्या रुमालातून ओतायचं. रुमाल स्वच्छ राहीपर्यंत हेच. खांदे भरून येतात. आरओचं किंवा नळाचं पाणी शेवटच्या भरणीला वापरू नये. बाटलीवर डिस्टिल्ड लिहिलेलं बघून पाच लिटरचा कॅन घेतला, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं तयार द्रव कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात मिसळलं.

नळी मी काळी रबरी, ईपीडीएमची, १०/१६ मिमी (आतून १०, बाहेरून १६) घेतली. पारदर्शक कडक नळ्या दिसायला देखण्या असतात यात वाद नाही. पण मशीन वर्षातून एकदा तरी उचलून गच्चीवर नेऊन धूळ काढावी लागते, आणि मऊ नळी थोडी हलली तरी सांभाळून घेते. पारदर्शक मऊ नळ्यांतून काही काळानं प्लास्टिसायझर, म्हणजे नळी मऊ ठेवणारं रसायन, सुटतो आणि पाणी गढूळ होतं, ईपीडीएमला तो त्रास नाही. सगळ्यात खाली एक निचऱ्याचा व्हॉल्व्ह बसवला.

१ मेला सुट्टी होती. पाणी घालण्याआधी हवेनं तपासलं. दाबाचा मीटर असलेला हातपंप घेऊन अर्धा बार दाब भरला आणि अर्धा तास काटा बघत बसले. काटा खाली आला, अगदी हळू. एका कोपऱ्यातलं फिटिंग उघडलं तर त्यातली ओ-रिंग, म्हणजे रबराची सीलिंगची कडी, पाकिटातूनच चिरलेली आली होती. सुट्या ओ-रिंग घेऊन ठेवल्या होत्या, शंभर रुपयांचं पाकीट. बदलल्यावर काटा जागचा हलला नाही. हा मीटर दीड हजाराला पडला, आणि माझ्या मते या सगळ्या खरेदीत त्याच्याइतकी मनःशांती कशानंच दिली नाही. हवा गळली तर काहीच भिजत नाही.

७ मेला मतदान होतं. सकाळी रांगेत उभी राहून आले, क्लायंटचे फोन बंद होते, त्या दुपारी पाणी भरलं. मदरबोर्ड आणि कार्डाची वीज काढलेली, फक्त पंपाला वीज. पॉवर सप्लायच्या चोवीस पिनांच्या जोडणीत हिरवी वायर आणि काळी वायर यांच्यात जंपर (जोडतार) लावला की तो मदरबोर्डाशिवाय चालू होतो. वायरी एकाच रंगाच्या असतील तर तयार जंपरच घ्यावा, अंदाजानं तार घालू नये. पंप कोरडा फिरवायचा नाही, आतलं पाणीच त्याचं वंगण असतं. म्हणून टाकी भरायची, दोन-तीन सेकंद पंप चालवायचा, बंद, पुन्हा भरायची. मग कॅबिनेट हळूच पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे कलवायचं. बुडबुडे टाकीत येऊन फुटतात. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला आणि रात्रभर पंप चालू ठेवला. सकाळी सगळे टिश्यू कोरडे होते. आईनंच एकेक हातात घेऊन बघितले.

पहिलं पूर्ण रात्रीचं रेंडर त्याच आठवड्यात लावलं. खोली ३४-३५, पाणी ४५, कार्ड ५८ ते ६०, मेमरी ८६ च्या आसपास. पंखे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर. आईच्या खोलीत आवाज येत नाही.

खर्च एकूण ८१ हजारांच्या घरात गेला. त्यात जर्मनीचं पार्सल करासकट ३७ हजार, भारतातले भाग ३४ हजार, आणि उरलेले पत्राकाम, रंग, टॅप, मीटर, पाणी यांचे. म्हणजे ज्या कामाची सगळ्यात जास्त धास्ती असते त्या कॅबिनेटच्या सगळ्या कामाला आठ हजारसुद्धा लागले नाहीत. खर्च कमी करायचा असेल तर एकट्या प्रोसेसरसाठी हे करू नका, त्याला चांगला हवेचा कूलर पुरतो. तापणारं मोठं कार्ड असेल तरच पैसे वसूल होतात.

पावसाळ्यात दमट हवेनं नळ्यांवर दव धरेल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. धरत नाही, कारण पाणी खोलीपेक्षा गारच होत नाही. पुढच्या जाळीवरचा कचरा महिन्यातून एकदा ब्रशनं काढते. पाणी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर बदलायचं ठरवलं आहे. भरलेलं मशीन एका माणसानं उचलण्यासारखं राहिलेलं नाही, म्हणून खाली चाकांची फळी घातली आहे.

दोन्ही पट्ट्यांच्या आणि टोपीच्या डीएक्सएफ फाइल माझ्याकडे आहेत, मागितल्यास आनंदानं देईन. त्या १५ मिमी अंतराच्या रेडिएटरसाठीच आहेत. तुमचा २० चा असेल तर मधल्या भोकांच्या जागा बदलून घ्या आणि कापायला देण्याआधी कागदाची प्रत रेडिएटरवर ठेवून बघा.